ब्याऐंशीव्या मिनिटाला थांबणारा प्रोग्राम: डॉसच्या ६४० किलोबाइटमधले एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहे. यंत्रभागांच्या दीर्घ चाचण्या घेणाऱ्या एका प्रयोगशाळेत एक मापनप्रणाली चालत होती. संगणक ३८६ प्रोसेसरचा, मेमरी चार मेगाबाइट, कार्यप्रणाली एमएस-डॉस ६.२२ आणि प्रोग्राम टर्बो पास्कल ७.० मध्ये लिहिलेला. आठ चॅनलांचे एक नोंदयंत्र सीरियल पोर्टवरून ९६०० बॉडच्या वेगाने दर सेकंदाला एक ओळ पाठवत असे. प्रोग्राम तिचा चेकसम (ओळ बिनचूक आली का हे सांगणारी बेरीज) तपासून नोंद मेमरीत ठेवी आणि पडद्यावरचा आलेख पुढे सरकवी. चाचणी दोन तासांची असे. ती संपली की सर्व नोंदी एका फाइलमध्ये उतरत आणि बॅच फाइल (डॉसच्या आज्ञांची यादी असलेली फाइल) अहवालाचा दुसरा प्रोग्राम सुरू करी. मूळ प्रोग्रामर काम सोडून गेला होता. देखभाल माझ्याकडे आणि एका सहकाऱ्याकडे आली होती.

मेमरीची मांडणी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. ८०८८ प्रोसेसरला २० पत्तारेषा होत्या, त्यामुळे त्याची पोहोच एका मेगाबाइटपुरती होती. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या रचनेत त्यातला वरचा ३८४ किलोबाइटचा पट्टा व्हिडिओ, बायोस आणि कार्डांसाठी राखीव राहिला. उरलेले ६४० किलोबाइट डॉस, ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांनी वाटून घ्यायचे. ३८६ प्रोसेसर कितीतरी अधिक मेमरी हाताळू शकत असला, तरी रिअल मोडमधल्या, म्हणजे ८०८८ च्याच पद्धतीने चालणाऱ्या, प्रोग्रामला ती थेट दिसत नसे. आमच्या संगणकातही वरचे तीन मेगाबाइट बहुतांशी पडून होते.

एका मेगाबाइटच्या वरची मेमरी हाताळणारा हायमेम ड्रायव्हर घालून आणि डॉसचा मोठा भाग हाय मेमरीत हलवून आमच्या प्रोग्रामला ६०० किलोबाइट मिळत होते. त्यातले २६२ कोडला, ४० ग्लोबल डेटाला आणि १६ स्टॅकला, असे ३१८ किलोबाइट जागच्या जागी संपत. आलेखाचा ड्रायव्हर आणि किरकोळ बफर मिळून हीपमधले, म्हणजे प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या मेमरीतले, आणखी ४० जात. नोंदींसाठी २४२ किलोबाइट उरत आणि दोन तासांच्या नोंदींना २२५ लागत. हा दुसरा आकडा आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हता. प्रोग्राम चालत होता, म्हणून तो कोणी काढला नव्हता.

अडचण

प्रयोगशाळा नेटवर्कला जोडली गेली. नेटवर्कच्या ड्रायव्हरांनी ८८ किलोबाइट घेतले आणि प्रोग्रामला ५१२ उरले. त्यानंतर चाचण्या मध्येच थांबू लागल्या. पडदा पुसला जाई आणि मेनू परत येई. त्रुटीचा संदेश कोणालाच दिसला नव्हता. ऑपरेटरने मात्र एक मोलाची गोष्ट केली होती. त्याने वहीत प्रत्येक वेळी घड्याळ पाहून वेळ लिहिली होती आणि ती दरवेळी सुरुवातीपासून सुमारे ८२ मिनिटांवर येत होती.

इतक्या नियमितपणामुळे सर्वांचा संशय नेटवर्कच्या एखाद्या ठरावीक कालमर्यादेवर गेला. केबल बदलून झाली, नेटवर्कच्या सेटिंग चाळून झाल्या. मीही दोन दिवस सीरियल पोर्टच्या मागे घालवले. नोंदी ठरावीक वेगाने येत असतील आणि प्रत्येक नोंद सारखीच जागा घेत असेल, तर मेमरीसुद्धा घड्याळासारखी संपते, हे आम्हाला उशिरा सुचले.

निदान

पहिली गोष्ट अगदी साधी होती. बॅच फाइलमध्ये मापनाच्या प्रोग्रामनंतरची ओळ पडदा पुसणारी होती, तिच्या आधी थांबण्याची आज्ञा घातली. पुढच्याच चाचणीत ‘रनटाइम एरर २०३’ पडद्यावर राहिली. टर्बो पास्कलमध्ये तिचा अर्थ हीपमध्ये जागा उरली नाही, असा आहे.

मग प्रोग्राममध्ये दर मिनिटाला दोन आकडे फाइलमध्ये लिहिण्याची सोय केली: मेमअवेल, म्हणजे हीपमधली एकूण मोकळी जागा, आणि मॅक्सअवेल, म्हणजे सलग मोकळा असलेला सर्वांत मोठा तुकडा. हे दोन आकडे एकमेकांपासून फाकत गेले असते, तर हीपचे तुकडे पडत आहेत असा निष्कर्ष निघाला असता. ते हातात हात घालून उतरत होते. पण उतरण्याचा वेग अपेक्षेपेक्षा अधिक होता. नोंदीत वेळेचे चार बाइट, आठ मापनांचे सोळा, स्थितीचा एक आणि पुढच्या नोंदीकडे नेणाऱ्या पॉइंटरचे चार, असे २५ बाइट होते. मिनिटाला साठ नोंदींचे १५०० बाइट जायला हवे होते. प्रत्यक्षात १९२० जात होते. टर्बो पास्कल ७.० चा हीप व्यवस्थापक प्रत्येक मागणी आठच्या पटीत वर नेतो, त्यामुळे २५ बाइटची नोंद ३२ बाइट अडवत होती. एका बाइटमुळे सात वाया जात होते.

आता हिशेब जुळला. नेटवर्क आल्यावर नोंदींसाठी १५४ किलोबाइट उरले होते. त्यांना ३२ ने भागले की ४९२८ नोंदी, म्हणजे ८२ मिनिटे आठ सेकंद.

पहिला निर्णय: ड्रायव्हर वर हलवणे

त्या काळी अशा वेळी कोणाचाही हात प्रथम कॉन्फिग फाइलकडेच जाई, तसा आमचाही गेला. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर ईएमएसशिवाय (ही सोय पुढे येते) घातला, त्यामुळे ६४० किलोबाइटच्या वरच्या राखीव पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरता आल्या, आणि नेटवर्कच्या ८८ पैकी ७६ किलोबाइट तिथे गेले. नोंदींसाठी २३० किलोबाइट झाले. लागणार होते २२५. चाचणी पूर्ण झाली आणि आम्ही काम संपल्याचे कळवले.

दुसऱ्याच दिवशी चेकसम न जुळलेल्या ओळींची संख्या वाढली. सीरियल पोर्टची चिप जुन्या पिढीची, एकाच अक्षराचा बफर असलेली होती. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण १.०४ मिलिसेकंदाने येते. तेवढ्या वेळात ते उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्यावर चढते आणि चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये ओव्हररनचा बिट उठतो. आम्ही तो बिट मोजायला सुरुवात केली, तेव्हा आकडा शून्यावरून सरकत असल्याचे दिसले. ईएमएम३८६ चालू असताना प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये असतो आणि प्रत्येक इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक, आधी ईएमएम३८६ च्या हातून जातो. एवढ्या एका कारणाने मिलिसेकंद उलटत नाही. पण त्याच सुमारास नेटवर्कच्या ड्रायव्हरनेही इंटरप्ट रोखून धरले, तर दोन्हींचा विलंब एकत्र येतो. ईएमएम३८६ काढून नेटवर्क तसेच ठेवले, तेव्हा ओव्हररन थांबले. नेटवर्क काढून ईएमएम३८६ ठेवले, तेव्हाही थांबले.

म्हणून ईएमएम३८६ मागे घेतला आणि कॉन्फिग फाइलमध्ये दोन पर्यायांचा मेनू केला. चाचणीसाठी संगणक नेटवर्कशिवाय सुरू करायचा आणि फाइल पाठवायची असेल तेव्हा नेटवर्कसह पुन्हा सुरू करायचा. ऑपरेटरला हे आवडले नाही, पण चाचण्या चालू राहिल्या.

दुसरी मागणी

महिन्याभरात कळले की चाचणी सहा तासांची होणार आहे आणि तिच्या दरम्यान नेटवर्क चालू हवे. या वेळी आम्ही आधी कागद घेतला. सहा तासांच्या २१,६०० नोंदी, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे ६,९१,२०० बाइट किंवा ६७५ किलोबाइट होतात. डॉस, ड्रायव्हर आणि कोड यांतले काहीही मेमरीत नसते, तरी ६४० मध्ये हे मावले नसते. कॉन्फिग फाइलमध्ये घालवलेले दिवस या एका गुणाकाराने व्यर्थ ठरले.

पर्याय

पहिला पर्याय ओव्हरले. कोडचे काही युनिट डिस्कवर ठेवून लागतील तेव्हा आणायचे, तर आमच्या अंदाजाने ११० किलोबाइट सुटत होते. इंटरप्ट हाताळणारे युनिट ओव्हरलेमध्ये टाकता येत नाही, ही अट पाळणे सोपे होते. पण गरज शेकडो किलोबाइटची असल्याने एकट्या ओव्हरलेवर हा पर्याय टिकत नव्हता.

ईएमएसमध्ये ६४ किलोबाइटच्या खिडकीत १६ किलोबाइटची चार पाने हवी तशी बदलता येतात आणि त्यांतला मजकूर थेट पॉइंटरने वाचता येतो. प्रोग्रामरच्या दृष्टीने हे सर्वांत सोयीचे होते. पण ३८६ वर विस्तारित, म्हणजे एका मेगाबाइटच्या वरच्या, मेमरीतून ईएमएस मिळवायचे तर पुन्हा ईएमएम३८६ आणावा लागला असता आणि त्यासोबत ओव्हररनही.

सारी मेमरी थेट वापरू देणाऱ्या संरक्षित मोडचा पर्याय सर्वांत आकर्षक होता. बोरलँड पास्कल ७.० मध्ये डीपीएमआयखाली (डॉसवर या मोडची सोय देणारी व्यवस्था) चालणारा प्रोग्राम तयार करता येतो आणि हीप काही मेगाबाइटचा होतो. मात्र मापनाच्या प्रोग्राममध्ये आम्ही एक तयार लायब्ररी वापरत होतो. तिचा मूळ कोड आमच्याकडे नव्हता आणि ती सेगमेंटच्या पत्त्यांवर थेट बेरीज-वजाबाकी करत होती. संरक्षित मोडमध्ये सेगमेंटचा आकडा पत्ता राहत नाही, त्यामुळे ती पहिल्याच पावलाला कोसळली. 

डिस्कवर थेट लिहिण्याचा पर्याय आम्ही एका दुपारच्या प्रयोगावर फेटाळला. त्याकडे पुढे परत येतो.

उरले एक्सएमएस, म्हणजे हायमेममार्फत विस्तारित मेमरी वापरण्याची पद्धत. हायमेम आधीच चालू असल्याने नवा ड्रायव्हर लागत नव्हता आणि प्रोसेसर रिअल मोडमध्येच राहत होता. किंमत एवढीच की ती मेमरी थेट वाचता येत नाही. हायमेमला सांगून ब्लॉक खाली-वर कॉपी करावा लागतो. आम्ही हाच मार्ग घेतला.

अंमलबजावणी

साखळी मोडून नोंदींचा ॲरे केला, त्यामुळे पॉइंटर गेला आणि नोंद २१ बाइटची झाली. खालच्या मेमरीत ५१२ नोंदींचा एक बफर ठेवला. तो भरला की विस्तारित मेमरीत जाई. सहा तासांना असे ४३ ब्लॉक लागत, म्हणून सुरुवातीलाच ४५२ किलोबाइट मागून घेतले जात. कोणतीही नोंद शोधायची, तर तिच्या क्रमांकाला ५१२ ने भागून ब्लॉक मिळे आणि बाकीतून जागा मिळे. कॉपीची आज्ञा मुख्य चक्रातूनच दिली जाई, इंटरप्टमधून कधीच नाही. इंटरप्ट फक्त आलेले अक्षर दोन किलोबाइटच्या वर्तुळाकार बफरमध्ये टाकी; तो भरायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, तेवढी सवड पुरेशी होती.

आलेखासाठी दर वेळी सर्व नोंदी खाली आणणे परवडणारे नव्हते. म्हणून दर मिनिटाचे प्रत्येक चॅनलचे किमान आणि कमाल मूल्य वेगळे ठेवले. सहा तासांसाठी त्याला केवळ ११,५२० बाइट लागले आणि पूर्ण आलेख तेवढ्यावरच काढता आला. एखादा भाग मोठा करून पाहायचा असेल तेव्हाच मूळ नोंदी खाली आणाव्या लागत. या कामातला मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे.

त्यानंतर दोन चुका उघड झाल्या आणि दोन्ही आमच्या होत्या.

पहिली अशी की चार चाचण्या चालत आणि पाचव्या वेळी प्रोग्राम विस्तारित मेमरी अपुरी असल्याचे सांगे. संगणक पुन्हा सुरू केला की सर्व ठीक होई. प्रोग्राम संपला की डॉस त्याची खालची मेमरी परत घेते, पण एक्सएमएसच्या ब्लॉकशी डॉसचा संबंध नसतो. तो प्रोग्रामनेच परत करायचा असतो. आम्ही परत करण्याची ओळ मुख्य प्रोग्रामच्या शेवटी लिहिली होती आणि प्रिंटरचा कागद संपल्यावर प्रोग्राम रनटाइम एररने तिच्यापर्यंत न पोहोचताच बाहेर पडे. डिस्क कॅशचा एक मेगाबाइट वगळता सुमारे १९८४ किलोबाइट मोकळे होते. त्यांतून ४५२ चार वेळाच जातात. ती ओळ एक्झिटप्रॉकच्या, म्हणजे प्रोग्राम संपताना चालणाऱ्या कामांच्या, साखळीत हलवली, कारण रनटाइम एरर आली तरी ती साखळी चालते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका चाचणीच्या फाइलमध्ये शेवटच्या काही मिनिटांच्या वेळा अचानक मागे गेलेल्या आढळल्या. ते शेपूट आदल्या दिवशीच्या चाचणीचे होते. एक्सएमएसच्या कॉपीत लांबी सम असावी लागते. विषम दिली तर हायमेम कॉपी न करता त्रुटी कळवतो. पूर्ण ब्लॉक ५१२ गुणिले २१, म्हणजे १०,७५२ बाइटचा असल्याने सम होता. पूर्ण सहा तासांची चाचणी शेवटी ९६ नोंदी शिल्लक ठेवते, तीही लांबी समच येते. ऑपरेटरने चाचणी मध्येच थांबवली आणि शिल्लक नोंदींची संख्या विषम असली, तरच लांबी विषम होई, कॉपी होत नसे आणि त्या जागी मेमरीत जे जुने पडलेले असेल तेच फाइलमध्ये उतरे. इतर सर्व ठिकाणी आम्ही परत आलेली खूण तपासत होतो. या एका ठिकाणी नव्हतो. आमच्या सर्व चाचण्या पूर्ण लांबीच्या होत्या, म्हणून ही चूक आमच्या हातून निसटली. नोंद २२ बाइटची केली, वाढलेल्या बाइटमध्ये चेकसम ठेवला आणि खूण सर्वत्र तपासली. ब्लॉक ११ किलोबाइटचा झाला आणि एकूण मागणी ४७३ किलोबाइटची.

परिणाम

सहा तासांच्या चाचण्या नेटवर्कसह सुरळीत चालू लागल्या आणि ओव्हररनचा आकडा शून्यावर राहिला. हीपची गरज ८० किलोबाइटच्या आत आल्याने एक अनपेक्षित लाभ झाला: फाइल पाठवण्याची आज्ञा प्रोग्राममधूनच देता येऊ लागली. पहिल्या प्रयत्नात ती डॉसच्या आठव्या क्रमांकाच्या त्रुटीने, म्हणजे अपुऱ्या मेमरीने, अडली. टर्बो पास्कलचा प्रोग्राम हीपची कमाल मर्यादा ठरवून न दिल्यास सुरुवातीलाच सर्व मोकळी मेमरी ताब्यात घेतो. ती मर्यादा घातल्यावर काम झाले.

त्यानंतर काही आठवड्यांनी वीज गेली आणि चार तासांची चाचणी नाहीशी झाली. जुन्या प्रोग्राममध्येही हा धोका होताच, पण दोन तास गमावणे आणि चार तास गमावणे यांत फरक असतो. म्हणून प्रत्येक ब्लॉक भरला की तो डिस्कवरही लिहिण्याची सोय केली.

आज वेगळे काय केले असते

याच टप्प्यावर डिस्कविषयीचा आमचा जुना निष्कर्ष चुकीचा निघाला. त्या दुपारच्या प्रयोगात ओव्हररन दिसले होते, पण तेव्हा डिस्क कॅशचे लेखन-कॅशिंग (लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवणे) चालू होते. कॅश स्वतःच्या सवडीने साठलेले सर्व एकदम डिस्कवर टाकत होता आणि तो क्षण आमच्या हातात नव्हता. आता ते कॅशिंग बंद केले आणि नोंदयंत्राची ओळ येऊन गेल्यानंतरच्या रिकाम्या वेळात ब्लॉक लिहिला. एकही अक्षर हरवले नाही. म्हणजे प्रत्येक ब्लॉक फाइलमध्ये टाकणे आणि आलेखासाठी किमान-कमाल मूल्यांचा लहान ॲरे मेमरीत ठेवणे, एवढ्यावर भागले असते. एक्सएमएसचा कोड, त्याची गळती आणि ते शेपूट, यांपैकी काहीच झाले नसते. एका प्रयोगात दोन गोष्टी एकत्र तपासल्या आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला.

सहकाऱ्याने नंतर आणखी एक हिशेब मांडला. मापने १२ बिटांची होती, तरी प्रत्येकाला आपण १६ बिट देत होतो. आठ मापने १२ बाइटमध्ये मावतात. नोंद दर सेकंदाला येते, म्हणून वेळ तिच्या क्रमांकावरूनच कळते. स्थितीचा एक बाइट धरून नोंद १३ बाइटची होते आणि सहा तासांना सुमारे २७४ किलोबाइट पुरतात. नेटवर्कसह १५४ किलोबाइट होते, ओव्हरलेचे ११० मिळवले की २६४. म्हणजे कोणतीही विस्तारित मेमरी न वापरता आम्ही अवघ्या दहा किलोबाइटने कमी पडत होतो, आणि एवढे तर आलेखाच्या बफरांतूनही काढता आले असते.

हा हिशेब आधी झाला असता, तर आम्ही कदाचित त्याच वाटेने गेलो असतो. माझी हरकत फक्त वेळेच्या चार बाइटना आहे. शेपटाची चूक सापडली ती फाइलमधल्या वेळा मागे गेलेल्या दिसल्या म्हणून; मापनांचे आकडे दोन्ही चाचण्यांत इतके सारखे होते की त्यांवरून ती कोणाच्याही लक्षात आली नसती. प्रोग्रामच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत ते चार बाइट नोंदीत तसेच राहिले.